सेटअपचा हिशेब कोण ठेवतं?

कुठलीही डॉट एक्सई फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. पडदाभर न वाचता येणारी चिन्हं येतील, पण सुरुवातीची दोन अक्षरं स्वच्छ दिसतील: एम आणि झेड. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या दिवसांत त्यांनी या फायलीचा साचा ठरवला, आणि आज विंडोज ११ वर चालणारी एक्सईसुद्धा याच दोन अक्षरांनी सुरू होते. झिप फाईल उघडली तर पी आणि के भेटतात, म्हणजे झिप घडवणारे फिल कॅट्झ. अँड्रॉइडची एपीके उघडली तरी तेच पी आणि के, कारण एपीके आतून झिपच असते.

फाईल काय आहे हे या पहिल्या अक्षरांत ठरतं. नावातल्या टिंबानंतर जे लिहिलेलं असतं ती नुसती वरून चिकटवलेली चिठ्ठी. नागपुरात कळमन्याच्या बाजारात पेटीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आंबिया बहाराची संत्री मृगाची होत नाहीत. तसंच डीएमजीला एक्सई असं नाव दिलं म्हणून मॅकची फाईल विंडोजवर चालत नाही.

कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत नागपूरच्या बर्डीवरच्या कॉम्प्युटर दुकानांत एक वाक्य सारखं कानावर येतं, "भाऊ, सेटअप होऊनच नाही राहिला!" गोंदिया, गडचिरोली, भंडाऱ्याहून आलेलं पोरगं, हातात पहिला लॅपटॉप, मित्राचा पेनड्राईव्ह, आणि त्यात एकाच प्रोग्रामच्या चार फायली: विंडोजच्या एक्सई आणि एमएसआय, मॅकची डीएमजी, लिनक्सची डेब. दुकानदार योग्य त्या फायलीवर बोट ठेवतो, काम होतं, पोरगं निघून जातं. तीच का, बाकीच्या का नाहीत, हे मात्र सांगायला कुणाला वेळ नसतो.

प्रोग्राम बसवणं म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. फायली योग्य फोल्डरांत ठेवायच्या, सिस्टिमच्या नोंदवहीत नोंदी करायच्या, मेनूत आयकॉन टाकायचा, आणि तो प्रोग्राम ज्या इतर भागांवर अवलंबून आहे ते जागेवर आहेत का हे पाहायचं. एवढं सगळेच करतात. शिवाय एक काम उरतं, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: आपण कुठे काय ठेवलं हे लिहून ठेवणं, म्हणजे उद्या काढायची वेळ आली तर सगळं जागच्या जागी परत नेता येईल. इन्स्टॉलरचे साचे एकमेकांपासून वेगळे पडतात ते इथेच. हा हिशेब कोण ठेवतं?

एक्सईच्या बाबतीत उत्तर आहे: ज्याने सेटअप लिहिला तो, त्याच्या मर्जीने. सेटअप एक्सई हा स्वतः एक पूर्ण प्रोग्राम असतो. तो काय करणार हे विंडोजला आधी कळत नाही. घराची किल्ली मिस्त्रीच्या हाती द्यावी आणि आपण बाहेर थांबावं, तसं हे आहे. चांगला मिस्त्री वही ठेवतो. इनो सेटअप या इन्स्टॉलर घडवणाऱ्या साधनाने बनवलेला इन्स्टॉलर प्रोग्रामच्या फोल्डरात अनइन्स ००० नावाच्या दोन फायली ठेवतो, एक एक्सई आणि एक डॅट. डॅट फाईल हीच ती वही. जागा करायची म्हणून कुणी ती उडवली, तर एक्सई जागेवर असूनही प्रोग्राम काढता येत नाही. मग तोच सेटअप पुन्हा त्याच फोल्डरात चालवायचा, वही नव्याने तयार होते, आणि त्यानंतर काढायचा.

एक्सई इन्स्टॉलर कशाने बनवला हे ओळखता आलं तर एक फायदा होतो. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस-चाळीस मशिनांवर एकच गोष्ट बसवायची असेल, तर प्रत्येक मशिनवर 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत बसायची गरज नाही. इनो सेटअपला कमांडमध्ये 'स्लॅश व्हेरीसायलेंट' असं सांगितलं की तो गुपचूप बसतो. विनॅम्प हा गाण्यांचा प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्टच्या एनएसआयएस या अशाच साधनाला 'स्लॅश एस' लागतो, आणि तो एस मोठ्या लिपीतलाच हवा. छोटा दिला तर तो ते ऐकत नाही आणि नेहमीसारखी खिडकी उघडतो. लॅबमधली अर्धी दुपार या एका अक्षरापायी जाऊ शकते.

जुन्या ३२ बिट एक्सईंची आणखी एक गंमतशीर बाब आहे. प्रोग्रामने आपल्याला कोणते अधिकार हवेत हे सांगितलेलं नसेल, तर विंडोज त्याच्या नावावरून अंदाज बांधतं. नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल' किंवा 'अपडेट' आलं की परवानगीची खिडकी पुढे येते. त्यामुळे साध्या हिशेबाच्या प्रोग्रामला कुणी 'अपडेट' असं नाव दिलं, तर तो दरवेळी ॲडमिनचा पासवर्ड मागत बसतो. नाव बदललं की मागणी थांबते.

मराठी माणसाला नडणारी एक अडचण इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. नवा लॅपटॉप घेतल्यावर हौसेने युजरचं नाव देवनागरीत टाकलं जातं. नाव असं द्यावंसं वाटणं अगदी रास्त आहे. पण स्थानिक, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याशी न जोडलेल्या खात्यात सी ड्राईव्हवर युजरचं फोल्डरही त्याच नावाने तयार होतं, आणि तात्पुरत्या फायलींची जागा त्याच्या पोटात असते. सेटअप आपला माल आधी तिथेच उलगडतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच अक्षरतक्ता, येण्यापूर्वीच्या पद्धतीने बनलेले जुने इन्स्टॉलर विंडोजच्या ठरलेल्या कोडपेजमधून, म्हणजे एका भाषेपुरत्या छोट्या अक्षरतक्त्यातून, अक्षरं वाचतात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं जुनं कोडपेज कधी नव्हतंच. त्यामुळे अशा इन्स्टॉलरला 'शुभांगी' हे नाव प्रश्नचिन्हांच्या ओळीसारखं दिसतं. विंडोजच्या फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून तो "तात्पुरती फाईल बनवता येत नाही" असं काहीतरी म्हणून थांबतो. कंट्रोल पॅनेलमधून खात्याचं नाव बदलून उपयोग होत नाही, कारण तेवढ्याने फोल्डरचं नाव बदलत नाही. रोमन अक्षरांत नाव असलेलं दुसरं ॲडमिन खातं उघडून तिथून सेटअप चालवणं हा सरळ मार्ग. इनो सेटअप सहाव्या आवृत्तीपासून फक्त युनिकोड झाला, त्यामुळे नव्या प्रोग्रामांत ही अडचण कमी आहे. जुनं टायपिंग किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बसवताना मात्र हे लक्षात असू द्या.

एमएसआयची गोष्ट मुळातूनच वेगळी. एमएसआय हा प्रोग्राम नसतो, तो डेटाबेस असतो. ऑफिस २००० सोबत १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज इन्स्टॉलर आणला, तेव्हा विचार असा होता की सेटअपने स्वतः हात चालवू नये, काय काय हवं याची यादी द्यावी आणि काम विंडोजने करावं. एमएसआयच्या पोटात खरोखर तक्ते असतात: फायलींचा एक, रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, नोंदींचा एक, घटकांचा एक, वैशिष्ट्यांचा एक. माल कॅब नावाच्या दाबलेल्या गठ्ठ्यात असतो, कधी आत, कधी शेजारी. शेजारी असेल आणि तुम्ही एकटी एमएसआय पेनड्राईव्हवर घेतली, तर काम अर्ध्यात अडतं. फोल्डर असेल तर अख्खं फोल्डर घ्या.

यादी विंडोजच्या हातात असल्याने हिशेबही विंडोजच ठेवतं. अर्ध्यात काही बिघडलं तर झालेलं काम उलट क्रमाने मागे घेतलं जातं. एका वेळी असं एकच काम चालतं. दुसरं सुरू केलं तर १६१८ हा आकडा येतो. त्याचा अर्थ एवढाच की आधीचं संपू द्या. १६०३ हा मात्र डोकेदुखीचा आकडा, कारण त्याचा अर्थ फक्त 'गंभीर चूक' असा आहे. कारण शोधायचं तर लॉग काढावा लागतो. एमएसआयएक्झेक या कमांडला स्लॅश आय देऊन फाईलचं नाव द्यायचं आणि पुढे स्लॅश, एल, ताऱ्याचं चिन्ह, व्ही जोडून लॉगचं नाव द्यायचं. हजारो ओळींचा लॉग तयार होतो. तो सगळा वाचू नका. त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा आणि त्याच्या वरच्या दहा-वीस ओळी वाचा. खरं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं: एखाद्या फोल्डरात लिहायची परवानगी नाही, जुन्या आवृत्तीचे अवशेष आहेत, किंवा मधली एखादी स्क्रिप्ट अडली आहे.

आता एक कळकळीची विनंती. विंडोजच्या फोल्डरात 'इन्स्टॉलर' नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं. १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी भरत आली की लोक जागा शोधायला निघतात आणि त्यांना तिथे कित्येक जीबीच्या विचित्र नावांच्या एमएसआय फायली दिसतात. कचरा समजून त्या उडवू नका. बसवलेल्या प्रोग्रामांचा हिशेब त्याच फायलींत असतो. त्या गेल्या की प्रोग्राम चालत राहतात, पण पुढचा पॅच बसत नाही, दुरुस्ती होत नाही, काढायला गेलं की मूळ एमएसआय मागितली जाते. तीन वर्षांपूर्वीची ती नेमकी आवृत्ती कुठून आणणार?

२०१८ मध्ये आलेला एमएसआयएक्स हा साचा पुन्हा झिपसारखा आहे. त्याला डिजिटल सही सक्तीची असते, आणि प्रोग्राम आपल्या बंदिस्त खोलीत राहतो, त्यामुळे काढल्यावर मागे फारसं काही उरत नाही. कल्पना उत्तम आहे, पण ड्रायव्हर बसवणाऱ्या किंवा सिस्टिममध्ये खोल हात घालणाऱ्या सॉफ्टवेअरला ती खोली पुरत नाही.

मॅकवर येऊ. डीएमजी हा इन्स्टॉलर नाहीच. ती एक डिस्क आहे, फाईलच्या रूपात. उघडली की डेस्कटॉपवर जणू सीडी लागते. आतलं ॲप ओढून ॲप्लिकेशन्स फोल्डरात टाकायचं आणि डिस्क बाहेर काढायची, इतकंच. नवे लोक ओढायचं विसरतात आणि डिस्कमधूनच ॲप चालवत राहतात. डिस्क फक्त वाचता येणारी असते, म्हणून अपडेट बसत नाही, आणि मॅक पुन्हा सुरू केला की ॲप 'गायब' होतं. मॅकचं ॲप हे खरं तर एक फोल्डर असतं. त्यावर राईट क्लिक करून आतला मजकूर दाखवायला सांगितलं की चालणारी फाईल, चित्रं, माहितीची यादी सगळं समोर येतं. काढायचं तर ते फोल्डर कचऱ्यात टाकायचं. युजरच्या लायब्ररी फोल्डरात मात्र त्या ॲपच्या सेटिंग आणि साठवण उरते, आणि ती आपल्यालाच हाताने काढावी लागते.

पीकेजी हा मॅकचा खरा इन्स्टॉलर. प्रिंटर, स्कॅनर किंवा पार्श्वभूमीत सतत चालणारं काही असेल तर तो लागतो. कोणत्या फायली कुठे गेल्या याची पावती मॅक जपून ठेवतो आणि पीकेजीयुटिल या कमांडने ती वाचताही येते. पण त्या पावतीवरून माल परत घेण्याची सोय ॲपलने दिलेली नाही. जमाखर्च लिहिलेला, वजाबाकी मात्र आपण करायची. मला ही मॅकची सर्वांत मोठी उणीव वाटते.

इंटरनेटवरून आणलेलं ॲप उघडताना "ॲप खराब झालं आहे, कचऱ्यात टाका" असा संदेश आला, तर फाईल तुटलेलीच असेल असं नाही. बरेचदा सही किंवा ॲपलची नोटरी तपासणी नसल्याने मॅक ते अडवतो. २०१९ च्या कॅटलिना या मॅकच्या आवृत्तीपासून ही तपासणी सक्तीची झाली. राईट क्लिक करून 'ओपन' म्हणायची जुनी वाट २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीत बंद झाली. आता सेटिंगमधल्या प्रायव्हसी आणि सिक्युरिटी विभागात जाऊन परवानगी द्यावी लागते.

विंडोजवरही अशीच खूण असते. ब्राउझरने उतरवलेल्या फायलीला 'ही बाहेरून आली' अशी एक अदृश्य पट्टी जोडली जाते आणि विंडोजचा पहारेकरी स्मार्टस्क्रीन तिच्यावरूनच इशारा देतो. ही पट्टी एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकते. फॅट ३२ किंवा एक्सफॅट मांडणीच्या पेनड्राईव्हवर कॉपी केली की ती गळून पडते. म्हणून मित्राच्या पेनड्राईव्हवरची एक्सई काही न विचारता चालली, याचा अर्थ ती तपासलेली आहे असा होत नाही. पट्टी वाटेत हरवली, इतकंच.

हिशेबाच्या बाबतीत मला लिनक्सची डेब सर्वांत आवडते. डेबियन हे लिनक्सचं एक रूप १९९३ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या पॅकेजची रचना आजही तोंडपाठ सांगता येईल इतकी सोपी आहे. डेब म्हणजे 'एआर' नावाच्या जुन्या साच्यातला गठ्ठा, आत तीन वस्तू. एकीत फक्त साच्याचा आवृत्ती क्रमांक, २.०. दुसरी 'कंट्रोल': पॅकेजचं नाव, आवृत्ती, ते कशावर अवलंबून आहे, आणि बसवण्याआधी-नंतर, काढण्याआधी-नंतर चालवायच्या चार छोट्या स्क्रिप्टा. तिसरी 'डेटा', म्हणजे प्रत्यक्ष माल, ज्या फोल्डरांत जायचा त्या फोल्डरांच्या मांडणीसह. बसवल्यावर प्रत्येक फायलीची नोंद राहते. डेब बसवणाऱ्या डीपीकेजी या कमांडला मोठा एल आणि पॅकेजचं नाव दिलं की त्याच्या सगळ्या फायली सांगतो. मोठा एस आणि फायलीचा पत्ता दिला की ती कुणाच्या मालकीची हे सांगतो.

चुका ठरलेल्या असतात. डीपीकेजीने थेट डेब बसवली तर अवलंबनं, म्हणजे तिला लागणारी इतर पॅकेजं, आणली जात नाहीत, आणि पॅकेज अर्धवट अवस्थेत लटकतं. त्यापेक्षा ती सोबत आणणारी 'एपीटी इन्स्टॉल' ही कमांड वापरा, पण फायलीच्या नावाआधी टिंब आणि स्लॅश द्यायला विसरू नका. ते नसलं तर एपीटी त्या नावाचं पॅकेज इंटरनेटवरच्या भांडारात शोधतो आणि "सापडलं नाही" म्हणतो, फाईल समोर पडलेली असूनही. "लॉक मिळत नाही" असं आलं तर पार्श्वभूमीत अपडेट चालू आहे. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाईल उडवायचा सल्ला जागोजागी मिळतो, तो ऐकू नका. काम चालू असताना लॉक उडवला तर वहीच फाटते. मध्येच लाईट गेली असेल तर डीपीकेजीला 'कॉन्फिगर' आणि 'ए' देऊन उरलेलं काम पूर्ण करायला सांगा.

डेबच्या नावात 'एएमडी ६४' वाचून इंटेलच्या लॅपटॉपवाले ती बाजूला ठेवतात. ठेवू नका. ६४ बिटची ती रचना आधी एएमडीने आणली म्हणून ते नाव पडलं. इंटेललाही तीच फाईल लागते. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला मात्र एआरएम प्रोसेसरवाली.

फेडोरा आणि रेड हॅट या लिनक्सच्या इतर रूपांच्या आरपीएमचं तत्त्व हेच आहे, फक्त एपीटीच्या जागी डीएनएफ. ॲपइमेज याच्या अगदी उलट टोकाला: एकच फाईल, काही बसवायचं नाही, सगळं तिच्यातच. तिला 'चालवायची परवानगी' द्यावी लागते, आणि ती पेनड्राईव्हवर टिकत नाही, म्हणून आधी होम फोल्डरात कॉपी करून घ्या. उबुंटू २२.०४ पासून तिला लागणारं लिबफ्यूज २ नावाचं पॅकेज सिस्टिमसोबत येत नाही, ते वेगळं बसवावं लागतं. डबल क्लिक करूनही काहीच घडत नसेल तर आधी हेच तपासा.

उतरवतानाच फाईल तुटण्याचं काय? मृगाच्या पहिल्या वादळात लाईट जाते, हॉटस्पॉट तुटतो, आणि ७०० एमबीची फाईल ६८० वर थांबते. झिपची अनुक्रमणिका फायलीच्या शेवटी असते, आणि डीएमजीचाही शेवटचा ५१२ बाइटचा तुकडा आतल्या मांडणीचा पत्ता सांगतो. म्हणून ९७ टक्के माल आलेला असूनही "फाईल उघडत नाही" हेच उत्तर मिळतं. खात्री करायची तर शा २५६, म्हणजे फायलीचा अंगठ्यासारखा ठसा, काढा. विंडोजवर सर्टयुटिल, मॅकवर शासम (या दोन्हींना २५६ हवं असं सांगून), लिनक्सवर शा २५६ सम. चौसष्ट अक्षरं येतात, ती प्रोग्रामच्या मूळ साईटवर दिलेल्या अक्षरांशी ताडून पाहा. पेनड्राईव्ह फॅट ३२ असेल तर ४ जीबीची फाईल त्यावर मावत नाही, आत ३० जीबी मोकळे असले तरी. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आता एपीके, जिथे हिशेब चुकला तर फक्त वेळ नाही, पैसा जातो. एपीकेच्या झिपमध्ये परवानग्यांची यादी, कोड, चित्रं आणि सही असते. अपडेटवरची सही जुन्या ॲपच्या सहीशी जुळली नाही, तर अँड्रॉइड "ॲप बसलं नाही" म्हणून थांबतो. हा अडथळा तुमच्या भल्याचा आहे. जुनं काढून टाकून नवं जबरदस्तीने बसवण्याआधी ते कुठून आलं हे विचारा. पॅकेज वाचता येत नाही असं आलं तर फाईल तरी तुटलेली, नाहीतर ॲप तुमच्या अँड्रॉइडपेक्षा नव्या आवृत्तीसाठी आहे.

व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, गाडीचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावांनी एपीके फिरतात. पत्रिका चित्रात येते, पीडीएफमध्ये येते, व्हिडिओत येते. ती फोनमध्ये बसवावी लागत नाही. नावाच्या शेवटी एपीके आहे का, एवढंच पाहा. मधे 'पीडीएफ' लिहिलेलं असलं तरी मोजायचं शेवटचं टिंब. असं ॲप बसवलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ओटीपी दुसऱ्याकडे जाऊ लागतो.

घरातल्या कुणाच्या फोनमध्ये ते आधीच बसलं असेल, तर आधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफाय बंद आहे ना ते पाहा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार करा. त्यानंतर सेटिंगमधली ॲपची पूर्ण यादी उघडा, कारण अशी ॲपं आपला आयकॉन लपवतात. 'अनइन्स्टॉल' दाबलं जात नसेल तर त्या ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार घेतलेला असतो. सिक्युरिटीत जाऊन तो काढा, ॲक्सेसिबिलिटीतला त्याचा खटका बंद करा, आणि तरी अडलं तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून तिथून ॲप काढा.